जुन्या घरात नवी वायरिंग? भिंत फोडण्याआधी हे पाहा

गीझर आणि इंडक्शन एकदम सुरू केले की फ्यूज उडतो आणि वायरमन सांगतो, 'सगळी वायरिंगच बदला.' वाड्यांत, चाळींत, पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या बंगल्यांत हे नेहमीचेच. तेव्हा घरात चार दिवे, दोन पंखे आणि रेडिओ एवढाच भार होता. आज २००० वॉटचा एकटा गीझर ९ अँपिअरच्या आसपास वीज ओढतो. लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरचे रबर तोवर कडक होऊन तडकलेले असते.

खरा प्रश्न भिंतीचा आहे. कन्सील्ड वायरिंगसाठी झिरी मारावी लागते. वजन पेलणाऱ्या विटांच्या भिंतीत उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नको. म्हणजे ९ इंची भिंतीत उभी ३ इंच, आडवी फार तर दीड इंच. आडवी टाळलेलीच बरी. पाइप छताखालून उघडा फिरवून बोर्डापाशी सरळ खाली उतरवता येतो. दगड-मातीच्या भिंतीला तर कटर लावूच नये, हादऱ्याने आतली माती सुटते. तिथे तुळईच्या कडेने केसिंग-कॅपिंग करावे. दिसायला डावे, पण दुरुस्तीला भिंत फोडावी लागत नाही.

दिव्यांसाठी दीड, गीझरसाठी अडीच आणि एसीसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर सहसा घेतात. पैसे वाचवायला अर्धीच वायरिंग बदलून नवे तांबे जुन्या अ‍ॅल्युमिनियमला पिळून जोडले, तर तो सांधा सैल होतो, तापतो आणि आग तिथूनच लागते.

जुन्या दोन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग नसते. एमसीबी बसवला म्हणजे शॉक टळला, हा गैरसमज आहे. १६ अँपिअरचा एमसीबी वायरला वाचवतो. माणसाचा जीव त्याहून कितीतरी कमी करंटने जातो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी आणि स्वतंत्र अर्थिंगही.

काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्या. वीज सोडण्याआधी मेगरने इन्सुलेशन तपासायला सांगा. झिऱ्या बुजवण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा, टेप लावून, मोबाइलवर फोटो काढा. पुढे फोटोफ्रेमचा खिळा ठोकताना तो लागतोच.