पाण्याखालचा श्वास विकत घेताना

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना वाटेत मार्गासनी लागते. तिथून एक रस्ता राजगडाच्या पायथ्याशी असलेल्या गुंजवणे गावाकडे जातो. भोर आणि वेल्हे हा सगळाच भाग धरणांचा. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव ही नावे तर सर्वांना ठाऊक आहेत. अशा भागात कोणी बुडाले, की शोधायला बहुधा गावातलेच पट्टीचे पोहणारे आधी पाण्यात उतरतात. समजा, अशा चार-पाच तरुणांनी ठरवले की मालवणकडे जाऊन स्कूबा शिकायचे आणि स्वतःचे साहित्य घ्यायचे. हे साहित्य प्रत्यक्ष हाताळून पाहायचे तर पुणे-मुंबई नाही तर मालवण-गोवा गाठावे लागणार. मोबाइलवर मात्र सारे काही दिसते, किंमतही बऱ्याचदा कमी असते आणि वस्तू घरपोच येते. मग दुकानात कशाला जायचे?

या प्रश्नाचे उत्तर नुसत्या किमतीवरून देता येत नाही. प्रत्येक वस्तूबद्दल दोन प्रश्न विचारावे लागतात. पाण्याखाली ती बिघडली तर काय होईल? आणि तो बिघाड आपल्याला घरी, जमिनीवर तपासता येईल का? या प्रश्नांची उत्तरे द्यायला शाळेतले भौतिकशास्त्र बरेच उपयोगी पडते.

ऑक्सिजन नव्हे, हवा

आधी एक गैरसमज दूर करू. पाणबुड्याच्या पाठीवर ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ असतो असे आपण वर्तमानपत्रात नेहमी वाचतो. प्रत्यक्षात सर्वसाधारण पाणबुड्याच्या सिलिंडरमध्ये आपण आत्ता घेत आहोत तीच हवा दाबून भरलेली असते. शुद्ध ऑक्सिजन सुमारे सहा मीटरपेक्षा खोल पाण्यात श्वासाबरोबर घेतला, तर वाढलेल्या दाबामुळे तो मज्जासंस्थेला विषारी ठरू शकतो. झटके येतात, तोंडातली नळी सुटते आणि माणूस बुडतो. त्यामुळे दवाखान्यात वापरतात तसला ऑक्सिजनचा सिलिंडर स्वस्तात मिळाला म्हणून पाण्यात नेणे जिवावर बेतू शकते.

हीच गोष्ट हवा भरण्याची. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर जेमतेम दहा बारच्या आसपास दाब देतो, तर पाणबुड्याच्या सिलिंडरला सुमारे २०० बार दाब लागतो. शिवाय त्या कॉम्प्रेसरमधल्या तेलाची वाफ हवेत मिसळते. जवळच इंजिनाचा धूर असेल तर कार्बन मोनॉक्साइडही आत शिरतो. श्वासासाठीची हवा गाळून, कोरडी करूनच भरावी लागते. म्हणजे सिलिंडर कुठूनही घेतला तरी हवा भरायला जाणकाराच्या दारात जावेच लागते. आणि चांगला जाणकार आधी विचारतो, ‘तुमचे प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र कुठे आहे?’

हवेचा हिशोब

समुद्रसपाटीला आपल्यावर साधारण १ बार दाब असतो. पाण्यात दर दहा मीटरला आणखी १ बार वाढतो. बॉइलचा नियम सांगतो, की तापमान तेच असेल तर दाब दुप्पट झाल्यावर हवेचे आकारमान निम्मे होते. म्हणून दहा मीटर खोलीवर तेवढीच फुप्फुसे भरायला दुप्पट हवा लागते.

११ लीटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरला, तर त्यात पृष्ठभागावरची सुमारे २,२०० लीटर हवा मावते. त्यातला ५० बारचा साठा अडचणीसाठी राखून ठेवला, तर वापरायला १,६५० लीटर उरते. पाणबुड्या मिनिटाला २० लीटर हवा घेतो असे धरू. दहा मीटरवर ही हवा सुमारे ४१ मिनिटे पुरेल, वीस मीटरवर २७ मिनिटे आणि तीस मीटरवर फक्त २० मिनिटे. घाबरलेला किंवा दमलेला माणूस याहून बरीच जास्त हवा घेतो. जाहिरातीत ‘एवढा वेळ चालते’ असे लिहिलेले असेल, तर कोणत्या खोलीवर हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. अर्ध्या-एक लीटरच्या छोट्या सिलिंडरांच्या जाहिरातींना हाच हिशोब विद्यार्थ्यांकडून लावून घ्यावा.

रेग्युलेटर : घरातल्या गॅससारखाच

२०० बारची हवा थेट तोंडात घेता येत नाही. ती आजूबाजूच्या पाण्याइतक्याच दाबाने, आणि श्वास ओढू तेव्हाच मिळायला हवी. हे काम रेग्युलेटर करतो. सिलिंडरवर बसवलेला त्याचा पहिला टप्पा दाब उतरवून पाण्याच्या दाबापेक्षा सुमारे दहा बार अधिक एवढ्यावर आणतो. तोंडातला दुसरा टप्पा तो पाण्याच्या दाबाइतका करतो. फ्रान्समध्ये १९४३ साली ज्याक-ईव्ह कुस्तो आणि अभियंता एमिल गान्याँ यांनी अशी यंत्रणा यशस्वी केली. गान्याँ यांच्याजवळ त्याआधीची एक झडप तयार होती. युद्धातल्या पेट्रोलटंचाईत गॅसवर चालणाऱ्या मोटारींसाठी ती बनवलेली होती.

आपल्या स्वयंपाकघरातही सिलिंडरवर रेग्युलेटर असतो. तोही सिलिंडरमधला मोठा दाब उतरवून शेगडीला बेताचा दाब देतो. तो आपण एजन्सीकडूनच घेतो, खराब झाला तर तिथूनच बदलतो. पाण्याखालच्या रेग्युलेटरला तर याहून जास्त काळजी हवी. त्यातल्या रबरी कड्या झिजतात, मिठाचे कण साचतात. बहुतेक कंपन्या वर्षातून एकदा तपासणी करायला सांगतात आणि त्यासाठी लागणारे सुटे भाग अधिकृत विक्रेत्यांनाच देतात. अनेक कंपन्यांची हमीही अशाच विक्रेत्याकडून घेतलेल्या वस्तूला लागू असते. पडद्यावर स्वस्त दिसणारा रेग्युलेटर दुरुस्त करायला कोणी तयार नसेल, तर वर्षभराने तो निरुपयोगी ठरेल.

आणखी एक अडचण जोडणीची. सिलिंडरला रेग्युलेटर जोडण्याच्या दोन पद्धती सर्रास वापरात आहेत. एकीत बाहेरून कवळी घालून आवळतात, तिला योक म्हणतात. दुसरीत आट्यांनी आत फिरवून बसवतात, ती डिन. एका पद्धतीचा रेग्युलेटर दुसऱ्या पद्धतीच्या सिलिंडरवर जोडतुकड्याशिवाय बसत नाही. आपण जिथे बुडी मारणार तिथे कोणती पद्धत आहे, हे मागवण्यापूर्वी विचारायला हवे.

मास्क : चेहरा आपला, माप आपले

पाण्याखाली उघड्या डोळ्यांनी धूसर दिसते, कारण डोळ्याच्या पारपटलाचा आणि पाण्याचा वक्रीभवनांक जवळजवळ सारखा आहे. मास्कमुळे डोळ्यापुढे हवा राहते आणि स्पष्ट दिसू लागते. मात्र वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठ्या आणि जवळ भासतात. पोहण्याचा चष्मा इथे चालत नाही. खोल गेल्यावर त्यातल्या हवेचे आकारमान कमी होते, तो डोळ्यांभोवती घट्ट ओढला जातो आणि बाहेरून हवा सोडायला वाव नसतो. मास्कमध्ये नाकही झाकलेले असते. नाकाने थोडी हवा सोडली की आतला दाब सारखा होतो.

मास्क चांगला आहे की नाही हे किमतीवर ठरत नाही, चेहऱ्यावर ठरते. परीक्षा अगदी सोपी आहे. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हलकेच हवा आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. खाली पडला तर कितीही महाग असो, पाणी आत येणारच. दाट मिशा असतील तर नाकाखालून गळण्याचा संभव जास्त. ही परीक्षा छायाचित्र पाहून करता येत नाही. मागवायचाच असेल तर परत घेण्याची अट आधी वाचावी आणि मास्क पाण्यात भिजवण्यापूर्वी ही परीक्षा करावी.

वेटसूट, फिन्स आणि शिसे

पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने शरीरातली उष्णता ओढून घेते. त्यामुळे कोकणच्या उबदार समुद्रातही बराच वेळ राहिले तर थंडी वाजते. वेटसूटच्या रबरात गॅसचे बारीक बुडबुडे असतात, तेच उष्णतारोधकाचे काम करतात. तो अंगाला नीट बसला नाही तर आतले ऊबदार पाणी सारखे बदलत राहते आणि त्याचा उपयोग होत नाही. फिन्सचेही तसेच. सैल असतील तर पायातून निसटतात, घट्ट असतील तर पायात गोळे येतात. छाती, कंबर, उंची, पाऊल यांची मापे टेपने घेऊन कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहिली, तर या वस्तू दुरूनही मागवता येतात. बिघाड झाला तर गैरसोय होईल, पण श्वास थांबणार नाही.

शिशाची वजने मात्र दुरून मागवणे म्हणजे माल कमी आणि वाहतूक जास्त. ती बुडी मारण्याच्या ठिकाणीच मिळतात. ती किती लागतात, याचा हिशोब आर्किमिडीजच्या तत्त्वाने करता येतो. साहित्यासह माणसाचे आकारमान ९० लीटर धरले, तर तो पूर्ण बुडाल्यावर गोड्या पाण्यात ९० किलो पाणी बाजूला सारतो. समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १.०२५ असल्याने तिथे ९२ किलोहून थोडे जास्त. म्हणून पुण्याच्या तलावात बरोबर ठरलेले वजन मालवणच्या समुद्रात सुमारे सव्वादोन किलोने कमी पडते. सरावात हे प्रशिक्षक दाखवून देतो.

सिलिंडर आणि कायदा

भरलेला सिलिंडर हा धोकादायक माल आहे, तो साध्या पार्सलने पाठवता येत नाही. आपल्याकडे दाबाच्या सिलिंडरांना २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागू आहेत. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. सिलिंडर मान्यताप्राप्त प्रकारचा असावा लागतो, आयातीला परवाना लागतो आणि ठरावीक मुदतीने त्याची दाबचाचणी करावी लागते. चाचणीची तारीख सिलिंडरच्या खांद्यावर कोरलेली असते. मुदत उलटलेला सिलिंडर भरू नये असा नियम आहे. जुना सिलिंडर विकणाऱ्याकडे आधी या कोरीव खुणांचे छायाचित्र मागावे. नवशिक्याने तर सिलिंडर विकतच घेऊ नये. तो बुडीच्या ठिकाणी भाड्याने मिळतो आणि तिथे तो भरूनही मिळतो.

ऑनलाइन खरेदीत ग्राहकाला संरक्षण नाही असे मात्र नाही. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार विक्रेत्याचे नाव-पत्ता, वस्तूचा मूळ देश आणि परतीच्या अटी संकेतस्थळावर द्याव्या लागतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. म्हणून पावती जपून ठेवावी. पण ही भरपाई पैशांची असते, हे विसरू नये.

मग काय ठरवायचे?

पाण्याखालचा दिवा, लिहायची पाटी, जाळीची पिशवी, साधी श्वासनळी या वस्तू घरी तपासता येतात. त्या जिथे स्वस्त मिळतील तिथून घ्याव्यात. वेटसूट आणि फिन्स नीट मापे घेऊन मागवता येतील. मास्क चेहऱ्याला लावूनच ठरवावा. रेग्युलेटर आणि हवा भरून तरंगण्यासाठी घालायचे जाकीट मात्र वार्षिक तपासणी करून देणाऱ्या माणसाकडूनच घ्यावे, चार पैसे जास्त गेले तरी.

असा माणूस आणखीही काही सांगतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, मार्गासनी त्याहूनही उंच आणि आंबोली घाट ६९० मीटरच्या आसपास. मालवणला दुपारी बुडी मारून संध्याकाळी घाट चढला, तर बाहेरचा दाब कमी होतो आणि रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो. सुमारे ६०० मीटरपेक्षा उंच जायचे असेल तर एका बुडीनंतर निदान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबावे, असा सल्ला दिला जातो. गिऱ्हाईक कुठून आले आणि कधी परतणार, हे चांगला प्रशिक्षक आपणहून विचारतो.

वर्गात करून पाहा

सुई नसलेली २० मिलीची सिरिंज घ्या. दट्ट्या २० वर ठेवून तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या १० पर्यंत दाबा. हवेचा दाब आता दुप्पट झाला. पाण्यात दहा मीटर खाली एवढाच दाब असतो. आता दट्ट्या हळूहळू सोडा आणि विद्यार्थ्यांना विचारा : दहा मीटरवर फुप्फुसे भरून घेऊन कोणी श्वास रोखून वर आला, तर काय होईल? हवा दुप्पट जागा मागेल आणि फुप्फुसांना इजा होईल. पाणबुड्याने श्वास कधीही रोखायचा नाही, हा पहिला नियम यातून आला आहे. साहित्य निवडण्याआधी हा नियम ज्याच्याकडून शिकायचा, तो प्रशिक्षक निवडायला हवा.