शस्त्रवैद्याच्या मनातील तोतया

तोतया म्हटला की आपल्याला भाऊसाहेबांचा तोतया आठवतो. १७६१ साली सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले आणि पुढे एक इसम 'मीच भाऊ' म्हणून पुण्यापर्यंत गाजला. तो खोटा असून खरेपणाचा आव आणीत होता. आपल्याला आज विचार करावयाचा आहे तो मनोव्यापार याच्या नेमका उलट आहे. येथे माणूस खरा असतो आणि स्वतःला खोटा समजतो. १९७८ साली अमेरिकेत पॉलिन क्लान्स व सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी कर्तबगार स्त्रियांचा अभ्यास करून त्याचे वर्णन केले. यश आले तर ते दैवाने. आणि आपले बिंग एक दिवस फुटणार, ही धास्ती कायमची. पुढे हीच धास्ती पुरुषांतही आढळली.

शस्त्रवैद्यांना ती का ग्रासते? शस्त्र त्यांच्याच हाती असते. म्हणून रोगी दगावला की दोष स्वतःकडे येतो. कितीही कुशल हात असला तरी काही शस्त्रक्रियांत रक्तस्राव होतो, जखम चिघळते. शिवाय दुसऱ्याचा शांत चेहरा दिसतो. त्याच्या पोटातली धडधड दिसत नाही.

मग शंका वाईट का? नव्हे. पित्ताशय काढताना सूज असली की तोडावयाची नळी कोणती आणि राखावयाची कोणती, हे ओळखणे कठीण होते. सावध शस्त्रवैद्य तेथे थांबतो आणि अनुभवी सहकाऱ्याला हाक मारतो. मनातला तोतया मात्र म्हणतो, 'विचारलेस तर उघडा पडशील.' त्याचे ऐकून हात पुढे गेला, तर किंमत रोगी मोजतो.

यावर उपाय एकच: विचारणे हीच रीत करावयाची. मराठी घराण्यात जन्मलेले बॉस्टनचे शस्त्रवैद्य अतुल गावंडे यांनी आपल्या निवृत्त गुरूंना शस्त्रक्रिया पाहून उणिवा सांगण्यास बोलाविले, आणि २०११ साली ते उघडपणे लिहिले. त्यांच्याच पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेची तपासणी-यादी काढली. छेद घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे आणि संभाव्य अडचणी बोलून घ्याव्यात, असे तीत आहे. आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले.

यात आपलाही वाटा आहे. डॉक्टरला आपण देव म्हणतो. मग देवाने 'मला खात्री नाही, दुसऱ्यास विचारतो' असे म्हणावे कसे? असे म्हणणारा शस्त्रवैद्य भेटला, तर त्याच्यावरचा आपला विश्वास वाढावा.