घामाची जमा, वड्याचा खर्च

नेरूळला पामबीच रस्त्याच्या कडेला तलावाभोवती जी बाग आहे, तिचे नाव 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' असे भारदस्त आहे. आम्ही नुसते 'ज्वेल' म्हणतो. सकाळी सहाला तिथे आम्ही सातजण जमतो. त्यांतले पाच निवृत्त, एक निवृत्तीच्या उंबरठ्यावर आणि एक आपण निवृत्त झालो हे अजून मान्य न करणारा. पाऊण तास चालायचे, सिडकोपासून दिल्लीपर्यंत सर्वांचे चुकते कुठे ते एकमेकांना समजावून सांगायचे आणि घाम पुसत बाहेरच्या गाडीकडे वळायचे. पहिला घाणा तेव्हा कढईतून निघत असतो. एकेक वडापाव, सोबत तळलेली मिरची आणि कटिंग. दीड वर्षे हा नेम चुकला नाही. पावसात चालणे चुकले, वडा चुकला नाही.

दीड वर्षांनी रक्ताची तपासणी केली. तीन महिन्यांच्या साखरेची जी सरासरी काढतात ती ६.३ वरून ६.९ वर गेली होती आणि वजन ७२ चे ७४ झाले होते. मी डॉक्टरांपुढे बाजू मांडली की मी रोज चार किलोमीटर चालतो, एकदाही खाडा नाही. त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी कागदावरून नजर न काढता विचारले, "ते कळलं काका. चालून झाल्यावर काय खाता?"

सदतीस-अडतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला असा प्रश्न विचारला की तो एकच गोष्ट करतो. मी एक वही घातली. डाव्या बाजूला जमा, म्हणजे चालणे. उजव्या बाजूला खर्च, म्हणजे चालून झाल्यावरचे खाणे. सपाटीवर एक किलोमीटर चालायला वजनाच्या दर किलोमागे ढोबळ मानाने पाऊण कॅलरी लागते. माझ्या ७४ किलोंना चार किलोमीटरच्या झाल्या २२२. त्यातल्या ५५ तरी घरी वर्तमानपत्र वाचत बसलो असतो तरी खर्च झाल्याच असत्या, श्वास घ्यायलाही कॅलरी लागतात. निव्वळ जमा १७० च्या आसपास. उजवीकडे गाडीवरचा वडापाव मी २९० धरला. बटाट्याचा आकार आणि तेलाची कृपा यांनुसार त्यात पन्नासचा फरक पडेल. साखरेचा कटिंग ५०. म्हणजे १७० जमा करून मी रोज ३४० काढत होतो. असे खाते चालवणाऱ्याला मी खुर्चीवर असताना बोलावून घेतले असते.

शरीर हे इतके साधे खाते नव्हे, हे मलाही कळते. रोज १७० ची तूट तीनशे दिवस खरोखर चरबीत उतरली असती तर मी सहा किलोंनी फुगलो असतो. फुगलो दोन किलोंनीच. पोट दुपारी आपले आपण थोडे सावरून घेते, सौभाग्यवती भाताचा डाव हलका करतात. पण तुटीची दिशा वहीने अचूक दाखवली.

या वहीला पहिला आक्षेप घरातूनच आला. चिरंजीव तिशी ओलांडलेले, रविवारी पहाटे सायकल घेऊन खारघरची टेकडी चढणारे आणि परत येताना बर्गर खाणारे. मॅक्डोनल्ड्स १९९६ साली वांद्र्याला आले तेव्हा आमच्या पिढीने त्याकडे सर्कशीसारखे पाहिले. यांना त्यात काही नवल नाही. तो म्हणाला, "बाबा, तुमच्या वहीत एक प्रयोग नाहीये." अमेरिकेत मोंटाना विद्यापीठात २०१५ साली प्रसिद्ध झालेला तो प्रयोग खरोखरच मजेदार आहे. अकरा पुरुषांना रिकाम्या पोटी दीड तास सायकल दामटायला लावले. स्नायूंतला साखरेचा साठा, ज्याला ग्लायकोजेन म्हणतात, तो उपसून काढला. मग चार तासांच्या विश्रांतीत दोन वेळा खायला दिले. एकदा खेळाडूंसाठी मुद्दाम बनवलेली महागडी पेये आणि वड्या, तर दुसऱ्या खेपेस तेच लोक, तोच व्यायाम, पण पॅनकेक, हॅश ब्राऊन, बर्गर, फ्राइज आणि कोला. त्यानंतर वीस किलोमीटरची शर्यत. स्नायूंचा साठा दोन्ही वेळा सारखाच भरला आणि शर्यतीच्या वेळेतही म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

चिरंजीवांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले. मी प्रयोग मान्य केला, कारण तो मान्य करण्यासारखाच आहे. दमलेल्या स्नायूला पिष्ट हवे असते, ते बटाट्यातून आले की चकचकीत पाकिटातून याची चौकशी तो करीत बसत नाही. पण माणसे अकराच, खाणे मोजूनमापून दिलेले आणि प्रश्न चार तासांपुरता. रोज दीड वर्ष असे खाल्ले तर कंबरेचे आणि रक्तवाहिन्यांचे काय होते, हे त्यांनी तपासलेच नव्हते. शिवाय त्यांनी आधी टाकी रिकामी केली होती. आम्ही सातजण पाऊण तास गप्पा मारत चालतो तेव्हा टाकीतले कितीसे उपसले जाते? भरलेल्या टाकीत आणखी ओतले तर ते बाहेर सांडणारच, आणि आमचे सांडते ते पोटावर.

हे लिहिताना मला लालबाग आठवते. १९८३ साली मी तिथल्या एका शाखेत कारकून म्हणून लागलो. आदल्या वर्षी १८ जानेवारीला सुरू झालेल्या संपाने गिरण्या थंड केल्या होत्या. काउंटरवर येणारी पासबुके एकाच दिशेने जाताना मी पाहिली. काढणे, काढणे, काढणे. त्या काळात कितीतरी गिरणी कामगारांनी आणि त्यांच्या मुलांनी पोटासाठी वडापावच्या गाड्या टाकल्या. वडापाव जन्मला तोच श्रमाच्या वाटेवर. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी तो प्रथम विकला असे सांगितले जाते. पाळीला जाणाऱ्या माणसाला उभ्या उभ्या, एका हातात धरून खाता यावे आणि पुढचे काही तास निघावेत अशी त्याची घडण आहे. आठ तास साच्यावर उभा राहणारा माणूस तो जाळत असे. वडा तोच राहिला. खाणारा मात्र साच्यावरून उठून संगणकासमोर बसला आणि मग बसून बसून वाढलेले पोट कमी करण्यासाठी सकाळी चालू लागला आणि चालून झाल्यावर पुन्हा त्याच वड्याकडे आला.

कोल्हापूरकरांना हे मी सांगायला नको. तालमीत जोर-बैठका मारून, लाल मातीत लोळून आलेला पैलवान बदामाची थंडाई, दूध, तूप रिचवतो आणि त्याच्या अंगावर ते शोभते. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या खासबागेत अशी शरीरे लोकांनी डोळे भरून पाहिली. पण प्रत्येक पेठेत एखादा सुटलेला पैलवानही असतो. मेहनत थांबली, खुराक थांबला नाही. त्याच्या देहाकडे पाहून जे समजते ते समजायला प्रयोगशाळा लागत नाही.

माझी वही महिनाभर चालली तेव्हा आणखी एक खाते सापडले. बँकेत ज्या रकमेचा मेळ लागत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. माझे सस्पेन्स खाते होते 'आज चाललोय ना!' दुपारी दुसरा लाडू, संध्याकाळी शेव, कारण आज चाललोय ना! लिफ्टने गेलो, कारण सकाळी चाललोय ना! हा एकट्या माझा गुण नव्हे. अमेरिकेत ४६४ स्थूल, बैठ्या स्त्रियांना सहा महिने वेगवेगळ्या प्रमाणात व्यायाम करायला लावला गेला. निष्कर्ष २००९ साली आले. कमी आणि मध्यम व्यायाम करणाऱ्यांचे वजन हिशेबाप्रमाणे उतरले. सर्वांत जास्त व्यायाम करणाऱ्यांचे मात्र हिशेबापेक्षा बरेच कमी उतरले. घामाने मिळवलेले कुठेतरी, न कळत, परत केले जात होते.

मग व्यायाम पाण्यात गेला काय? इथे मात्र मी वहीवर विसंबणार नाही. १९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील माणसांचा अभ्यास मांडला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करून तिकिटे फाडणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. चालण्याने हृदय, सांधे, झोप, रक्तदाब यांचे जे भले होते ते एका वड्याने पुसले जात नाही. ज्याला वाटते की गाडीवर जायचेच आहे तर चालायचे कशाला, त्याने चालावेच. फक्त चालणे हा वड्याचा परवाना समजू नये.

आणि आपल्या लोकांनी तर विशेष समजू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपला दोघांचा फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, बॉडी मास इंडेक्स २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हडकुळ्या दिसणाऱ्या भारतीय देहात चरबी अशी लपून बसते. आमच्या गटातले सडपातळ मास्तर "मला काय धाड भरलीय?" म्हणत दुसरा वडा घेत, त्यांना मी हे आकडे ऐकवले. त्यांनी मिरची चावली आणि विषय बदलला.

आता जे सांगायचे ते थोडे अवघड आहे. वहीने मला इतके पेटवले की मी गटात ठरावच मांडला. उद्यापासून गाडी बंद. सहाजणांनी माना डोलावल्या. सातवे आमचे मुकादम, काही बोलले नाहीत. मुकादम मूळचे सातारा जिल्ह्यातले. आधी मुंबईत आणि बाजार इकडे हलल्यावर तुर्भ्याला, कांद्या-बटाट्याच्या गोणी पाठीवर वाहत त्यांनी तीस वर्षे काढली. दोन वर्षांपूर्वी बायपास झाली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितले. आमच्यात चालण्याची सर्वांत जास्त गरज त्यांना आणि वडापावाची सर्वांत जास्त मनाई त्यांनाच.

ठरावानंतर चौथ्या दिवसापासून मुकादम आले नाहीत. मला वाटले, गावी गेले असतील. दुसऱ्या आठवड्यात मास्तरही दिवसाआड येऊ लागले. वीस दिवसांनी आम्ही तिघे उरलो. सिडकोच्या चुका काढायलाही तिघांत मजा नसते. शेवटी मी मुकादमांच्या घरी गेलो. सकाळचे साडेआठ, ते अंथरुणावर बसून टीव्ही पाहत होते. ओट्यावर कोरा चहा आणि बिस्किटांचा पुडा. तीन वर्षांपूर्वी बायको गेली, मुलगा-सून पहाटेच कामाला निघतात.

"का हो मुकादम, तब्येत?"

"तब्येत ठीक हाय साहेब." ते थोडा वेळ थांबले. "पर तिकडं येऊन करायचं काय? चालून परत हितंच यायचं ना, एकट्यानं चहा प्यायला."

माझ्या वहीच्या दोन्ही बाजूंना हा रकाना नव्हता. वडा हा चालण्यावरचा खर्च आहे असे मी धरले होते. मुकादमांच्या खात्यात तो चालण्याचा पगार होता. पगार बंद केला, कामगार आला नाही. लालबागला जे पाहिले होते ते मी ज्वेलवर विसरलो.

तडजोड व्हायला आठवडा लागला. आता चालून झाल्यावर बागेतल्या बाकावर डबा उघडतो, पाळीपाळीने एकेकाच्या घरचा. कधी उकडलेली अंडी, कधी मोड आलेली मटकी, कधी ज्वारीचे थालीपीठ. मास्तरांच्या घरची उकड अशी असते की तिच्यासाठी लोक पावसातही येतात. मुकादमांची पाळी आली की ते तुर्भ्याच्या बाजारातून पेरू आणि केळी आणतात आणि भावही सांगतात. गाडी फक्त रविवारी.

दुसरी गोष्ट आम्ही त्या डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून सुरू केली. अमेरिकेत २०१३ साली साठीच्या पुढच्या दहा माणसांवर एक छोटा प्रयोग झाला होता. सकाळी एकदम पाऊण तास चालण्याऐवजी तीन जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटे चालले तरी दिवसभराची साखर तितकीच ताब्यात राहिली आणि रात्रीच्या जेवणानंतरची वाढ तर अधिक चांगली रोखली गेली. चालणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो. साखर रक्तात येत असतानाच तो चालता असला तर बरे, एवढेच त्याचे इंगित. म्हणून आमच्यातले चौघे रात्री नऊला सेक्टरच्या रस्त्यावर पुन्हा भेटतो. मुकादम हातात टॉर्च घेऊन येतात, कारण तिथला दिवा महिनाभर बंद आहे आणि आमच्या गप्पांना तेवढा विषय पुरतो.

सहा महिन्यांनी माझी साखर ६.५ झाली. वजन एक किलो उतरले, फार काही नाही. मुकादमांच्या डॉक्टरांनी त्यांचे चालणे वाढवायला सांगितले आहे.

गेल्या रविवारी गाडीवर मुकादमांनी वडापाव घेतला, मधोमध तोडला आणि अर्धा माझ्या हातात दिला. उरलेला अर्धा त्यांनी खूप वेळ खाल्ला. घरी येऊन मी वहीत २९० च्या जागी १४५ लिहिले. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"साहेब, त्या वहीत मिरची लिवली का?"