'परमनंट' या विशेषणाचे मोल

भंडारा जिल्ह्यात सोयरिकीची बोलणी सुरू झाली की मुलाचे शिक्षण, घरची धानाची शेती, भावंडे यांची चौकशी ओघाने होते, परंतु बैठकीतील वडीलधाऱ्यांचा खरा प्रश्न एकच असतो : "मुलगा परमनंट आहे ना?" इंग्रजीत हे विशेषण नोकरीला लागते, माणसाला नव्हे. मर्त्य मनुष्य परमनंट कसा असणार? मराठीने मात्र ते बिनदिक्कत माणसाला जोडले. "धाकटी यंदा परमनंट झाली", "बारा वर्षे झाली, अजून टेम्पररीच आहे", "कर्ज मिळेल, पण जामीनदार परमनंट हवा" ही वाक्ये तुमसर, साकोली, पवनी, कोठेही ऐकू येतात.

मराठीजवळ 'कायम' हा शब्द नव्हता काय? होता, तोही मूळचा अरबी, पण पूर्णपणे घरचा झालेला. सरकारी आदेशांत तोच वापरतात. बोलण्यात मात्र 'कायम' म्हणजे 'सदोदित' : तो कायम उशिरा येतो, ती कायम आजारी असते. "मुलगा कायम आहे" असे म्हटले, तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहतो. ही उणीव इंग्रजी शब्दाने भरून काढली, आणि भरताना त्यात पगार, रजा, भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन असा सगळा संसार येऊन बसला.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर हे विशेषण एक प्रकारची मालमत्ताच आहे. येथील शेती प्रामुख्याने धानाची, पुष्कळ ठिकाणी एका पावसाच्या भरवशावरची. जवाहरनगरची आयुध निर्माणी, चिखला व डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी, वरठीचा पोलाद कारखाना, शाळा व कचेऱ्या या मोजक्या ठिकाणीच पुढच्या महिन्याचे उत्पन्न आज सांगता येते. पतसंस्था चार एकरांच्या मालकापेक्षा परमनंट शिपायाची सही आधी मागते, यात नवल नाही. याउलट घरी बसून तीस-तीस वर्षे विड्या वळणाऱ्या स्त्रीच्या कामात खंड नसतो; तरीही तिला हे विशेषण कोणी लावीत नाही.

जे मौल्यवान असते ते राखून ठेवण्याच्या युक्त्याही निघतात. वर्षात 240 दिवस काम झाले की कामगाराला काही हक्क मिळत, म्हणून त्या आधीच चार दिवस घरी बसविण्याची रीत पडली. 'ब्रेक देणे' हा वाक्प्रचार त्यातलाच. कामगारांना कायमपणाच्या लाभांपासून वंचित ठेवण्यासाठी वर्षानुवर्षे बदली वा तात्पुरते म्हणून राबविणे ही अनुचित प्रथा होय, असे महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याने ठरविले होते. सरकारी सेवेत मात्र नियमबाह्य नेमणूक केवळ दीर्घकाळ चालली म्हणून कायम करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली उमादेवी खटल्यात दिला.

शिक्षकांच्या वाट्याला या शब्दाची थट्टाच आली. राज्यात 2001 पासून नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर परवानगी देण्यात येऊ लागली. नोकरीच्या आधी लागला तर जन्माची भाकरी देणारा शब्द येथे अनुदानाच्या आधी लागला आणि भाकरीची वाट त्याने कायमची बंद केली. 2009 मध्ये शासनाने 'कायम' हा शब्द वगळला. तीन अक्षरे गळाली, तेव्हा कोठे या शाळा अनुदानाच्या विचारास पात्र ठरल्या. तेही पुढे 20 टक्क्यांच्या टप्प्यांनी. अनुदानित शाळेत लागलेल्यालाही सन 2000 पासून आधी तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. एखाद्या शब्दासाठी मोर्चे निघाल्याचे ऐकिवात असते. एक शब्द काढून टाकावा म्हणून शिक्षकांना आंदोलने करावी लागली, हे मराठी व्याकरणाच्या इतिहासातही नोंदवून ठेवावे असे आहे.

आता तर शब्द तोच राहून त्याच्या आतला ऐवज बदलतो आहे. 1 नोव्हेंबर 2005 वा त्यानंतर राज्यसेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाकारले गेले. एकाच फलकासमोर शिकविणारे दोन शिक्षक दोघेही परमनंट. पण एकाचे परमनंटपण मरेपर्यंतचे, दुसऱ्याचे निवृत्तीच्या दिवसापर्यंतचे. मार्च 2023 चा राज्य कर्मचाऱ्यांचा संप याच फरकावर झाला. जवाहरनगरची निर्माणीही 1 ऑक्टोबर 2021 पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे गेली आणि केंद्राचे कायम कर्मचारी कंपनीकडे 'मानीव प्रतिनियुक्ती'वर असल्याचे ठरले. 'मानीव' म्हणजे तसे आहे असे समजायचे. सोयरिकीच्या बैठकीत हे विशेषण उच्चारून त्याचा अर्थ समजावून सांगणे मुलाच्या बापाला सोपे नाही.