फोन हातात, कागद कोरा : आपल्या घरातल्या चित्रकाराला, लिहिणाऱ्याला निवांत वेळ कसा मिळणार?

कौसाला माझी बहीण राहते. वन रूम किचन, माणसं पाच. तिची मुलगी नववीत आहे आणि यंदा इंटरमीजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसतेय. गेल्या महिन्यात एका रात्री मी तिथं जेवायला गेलो होतो. दस्तरखान उचलल्यावर तिनं बोर्ड मांडला, पेन्सिली काढल्या आणि अम्मीचा फोन मागून घेतला. पितळी तांब्यावर उजेड कसा दाखवायचा, याचा व्हिडिओ बघायचा होता. दोन मिनिटांचं काम. इकडे चहा झाला, गप्पा झाल्या, कुणाच्या तरी निकाहच्या हॉलची चर्चा झाली. मी निघायला उठलो तेव्हा पाऊण तास गेला होता. कागद कोराच होता आणि पोरगी कुठल्याशा हॉटेलात बिर्याणीला दम देताना बघत बसली होती.

"हिचं ध्यानच नाही कशात," बहीण ओरडली. मी गप्प बसलो. त्याच दिवशी दुपारी एक लेख लिहायला बसून मी क्रिकेटचा स्कोअर सहा वेळा बघितला होता.

मुंब्रा, राबोडी, भिवंडी, कल्याणचा दूधनाका, कुठंही जा, हे घराघरांत चाललंय. आणि आपल्या मोहल्ल्यांत काहीतरी बनवणारी माणसं कमी नाहीत. कुणी मेंदी काढते, कुणी जरीकाम करते, कुणी खत्ताती शिकतोय, कुणी मराठीत कविता लिहितो आणि कुणाला दाखवत नाही. या सगळ्यांना "फोन बंद करून ठेवा" असं सांगणं सोपं आहे, पण मेंदीवालीची ऑर्डर व्हॉट्सअॅपवरच येते. डिझाइन तिथंच पाठवायचं, पैसे तिथंच आले की नाही बघायचं. फोन हेच दुकान आणि फोन हाच तमाशा, दोन्ही एकाच काचेमागे. खरी अडचण ही आहे.

चूक पोरीची किती?

थोडं मागं जाऊन बघू. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं आणि जो डेटा आपण एमबीत मोजून वापरायचो तो जवळजवळ पाण्यासारखा झाला. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली. लोकांना वाटलं, सुटलो. जुलैत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणले आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबनं शॉर्ट्स, तेही आधी भारतातच. लॉकडाऊन होतं, शाळा फोनवर होती. म्हणजे ज्या वयात मुलांच्या हातात वही-पेन्सिल पक्की बसते, त्याच वयात या मुलांच्या हातात अभ्यासाच्या नावानं फोन आला. तो आपणच दिला. दुसरा इलाज नव्हता.

आता रील संपत का नाही, ते बघा. पुस्तकाला पान असतं, वर्तमानपत्राला शेवट असतो, टीव्हीवरची मालिकासुद्धा अर्ध्या तासानं थांबते. 2006 मध्ये आझा रास्किन या डिझायनरनं पान खाली सरकवत राहिलं की नवीन मजकूर आपोआप येत राहील, अशी रचना केली. पुढं ती सगळीकडं पसरली आणि रास्किननं स्वतः त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. थांबायची जागाच काढून टाकली, तर माणूस थांबणार कुठं?

दुसरी गोष्ट त्याहून जुनी. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग केले होते. बटणावर चोच मारली की दाणा मिळायचा. दाणा कधी मिळेल याचा नेम नसला, की कबुतर न थांबता चोच मारत राहायचं. रील्सचंही तसंच आहे. दहापैकी आठ फालतू असतात, एखादं मस्त निघतं, आणि ते कितवं असेल ते माहीत नसतं. म्हणून बोट थांबत नाही.

चौदा वर्षांच्या मुलीसमोर एवढी तयारी करून माणसं बसलीत. तिला नुसतं "ध्यान दे" म्हणणं म्हणजे पुरात उभं करून "भिजू नकोस" म्हणण्यासारखं आहे.

लूमचा आवाज आणि फोनची टिंग

घरातली मोठी माणसं म्हणतात, आमच्या वेळी काय शांतता होती का? बरोबर आहे, नव्हती. अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहून लिहीत होते. लाल बावटा कलापथकातले त्यांचे साथी शाहीर अमर शेख, म्हणजे बार्शीचे मेहबूब पटेल, यांचं आयुष्य मोर्चे आणि सभांच्या गलबल्यात गेलं. भिवंडीत तर पॉवरलूमच्या खटखटीत मुलं अभ्यास करतात, झोपतात, आणि लूम बंद पडला तर उलट जागी होतात.

पण त्या आवाजात आणि या आवाजात फरक आहे. लूमची खटखट एकसारखी असते, मेंदू ती बाजूला टाकतो. माणसाचं बोलणं तसं टाकता येत नाही, हे मानसशास्त्रातल्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलंय. शेजारी कुणी बोलत असेल तर पाठांतर बिघडतं, मग ते बोलणं आपल्याशी असो वा नसो. फोन तर त्याच्याही पुढं जातो. लूम सगळ्या गल्लीसाठी वाजतो, फोनची टिंग फक्त तुमच्यासाठी वाजते. ती तुम्हाला नावानं हाक मारते, आणि हाकेला ओ द्यायची आपल्याला सवय आहे.

या हाकेची किंमत किती? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या ग्लोरिया मार्क यांनी ऑफिसातल्या माणसांचं बारकाईनं निरीक्षण केलं. काम एकदा तुटलं की त्याच कामावर परत यायला सरासरी 23 मिनिटांच्या वर वेळ जात होता, कारण माणूस थेट परत येतच नाही, मध्ये आणखी दोन कामं करून येतो. 2004 मध्ये लोक एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं टिकत होते. अलीकडच्या मोजणीत ते 47 सेकंदांवर आलंय. आणि अडथळ्यांपैकी जवळजवळ निम्मे बाहेरून येत नाहीत, माणूस स्वतःच स्वतःला उठवतो. टिंग न वाजताही आपण फोन उचलून बघतो, ते हेच.

सोफी लरॉय या संशोधिकेनं 2009 मध्ये आणखी एक गोष्ट मांडली. एका कामातून दुसऱ्यावर गेलं की मनाचा एक तुकडा पहिल्या कामातच अडकून राहतो. म्हणजे मेंदी काढता काढता तुम्ही नणंदेचा मेसेज वाचला, उत्तर दिलं नाही, फोन ठेवला. हात कोनावर आहे, पण अर्धं मन उत्तर जुळवत बसलंय. वेलाची वळणं चुकतात ती अशी.

दुसऱ्याचं स्टेशन

वेळ जातो, हे सगळे मान्य करतात. मला त्याहून मोठं नुकसान भाचीच्या वहीत दिसलं.

तिच्या जुन्या वहीत एक स्मरणचित्र होतं. स्मरणचित्र म्हणजे समोर काही न ठेवता, आठवणीतून काढायचं दृश्य. विषय होता रेल्वे स्टेशन. चित्र छान होतं, रंग नीट भरले होते. पण त्यात उतरतं लाल छप्पर होतं, मोठं गोल घड्याळ होतं आणि प्लॅटफॉर्मवर एक हॅटवाला माणूस बॅग घेऊन उभा होता. मी विचारलं, "हे कुठलं स्टेशन गं?" ती हसली. "मामू, गूगलवरून घेतलं. सगळे तेच घेतात."

मुंब्रा स्टेशन घरापासून रिक्षानं काही मिनिटांवर आहे. मागं पारसिकचा डोंगर, पावसाळ्यात त्यावरून पाणी उतरतं. पुलावर बुरख्यातल्या बाया, डबेवाली पोरं, भाजीच्या पिशव्या, लोकलला लटकणारी गर्दी. ती रोज हे बघते. तरी कागदावर उतरलं ते परदेशातलं रिकामं स्टेशन, कारण आठवायच्या आधीच फोननं चित्र हातात दिलं. आठवायला थोडा रिकामा, कंटाळवाणा वेळ लागतो, भिंतीकडं बघत बसावं लागतं. तेवढी मिनिटं आता कुणी रिकामी ठेवतच नाही.

लिहिणाऱ्यांचंही हेच होतं. मी तरुण पोरांच्या मराठी कविता वाचतो. कल्याणच्या पोराच्या कवितेत कल्याण नसतं. दुर्गाडीखालची खाडी नसते, वालीपीर रोडची संध्याकाळ नसते, घरातली कोकणी बोली तर नसतेच. इन्स्टाग्रामवर चालणारे पाऊस आणि कॉफी असतात. हमीद दलवाईंच्या 'इंधन' कादंबरीशी, ती आली 1965 मध्ये, कुणी सहमत असो वा नसो, तिच्यातलं कोकणातलं गाव दुसऱ्या कुणाचं उचललेलं नाही.

मग घरानं काय करायचं?

मला वाटतं, एकाग्रता हा मुलाच्या स्वभावापेक्षा घराच्या व्यवस्थेचा प्रश्न आहे. आपल्या घरांत वेगळी खोली कुणाकडं आहे? पण वेगळा तास देता येतो.

बहिणीच्या घरी आम्ही एक करून बघितलं. फजरनंतरचा तास पोरीचा. सगळं घर तेव्हा तसंही जागं असतं, पण टीव्ही नसतो, पाहुणे नसतात, ग्रुपवर फॉरवर्ड सुरू व्हायचे असतात. त्या तासात फोन किचनमध्ये, तांदळाच्या डब्यावर. फक्त तिचा नाही, सगळ्यांचे. हे सगळ्यांत अवघड गेलं, आणि पोरीला नाही, माझ्या मेहुण्याला. बाप शेजारी रील बघत असेल आणि मुलीनं चित्र काढावं, हे होत नाही.

फोन उलटा करून शेजारी ठेवला तर चालेल का, असं तो विचारत होता. 2017 मध्ये अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या एड्रियन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. काहींचे फोन टेबलावर, काहींचे खिशात किंवा बॅगेत, काहींचे दुसऱ्या खोलीत. ज्यांचे दुसऱ्या खोलीत होते त्यांनी चाचण्या सगळ्यांत चांगल्या सोडवल्या. नंतरच्या काही अभ्यासांत एवढा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण उठून किचनपर्यंत जावं लागणं एवढ्यानंच आमच्याकडं निम्मं काम झालं.

"आणि गावाहून काही अर्जंट फोन आला तर?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो आणि तो खरा आहे. फोनमध्ये 'डू नॉट डिस्टर्ब' असतं. त्यात ठरावीक चार नंबर सोडता येतात, शिवाय तोच माणूस थोड्या मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करत असेल तर रिंग वाजू द्यायची सोय असते. अम्मी-अब्बांचा, शाळेचा नंबर त्यात घाला. बाकी जग तासभर थांबतं.

नमुना बघायचाच असेल तर आदल्या रात्री बघून ठेवायचा. हवा तर स्क्रीनशॉट घ्यायचा आणि कामाला बसताना डेटा बंद. मेंदीच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायांनी उत्तरं द्यायच्या दोन वेळा ठरवून स्टेटसवर लिहून टाकाव्यात. गिऱ्हाईक पळत नाही. टेलरकडं कपडे टाकून आठवडाभर थांबणारी माणसं आहोत आपण.

घर सांभाळून लिहिणाऱ्या, शिवणाऱ्या बायांचा अडथळा मात्र फोन एवढाच नसतो. कुकरची शिट्टी होते, मूल उठतं, दारात कुणी येतं. त्यांच्यासाठी सोफी लरॉय यांच्याच पुढच्या संशोधनातली एक साधी युक्ती उपयोगी आहे. उठण्याआधी अर्धं मिनिट घ्यायचं आणि एका ओळीत लिहून ठेवायचं, कुठं थांबले आणि आल्यावर पुढं काय करायचं. "आजी दारात उभी आहे, आता ती काय बोलते ते लिहायचं." एवढी ओळ असली की मन मागं अडकून राहत नाही आणि परत बसल्यावर सुरुवात शोधावी लागत नाही. ही ओळ कागदावर लिहा. फोनमध्ये लिहायला गेलात तर काय होतं, ते वर सांगितलंच आहे.

ज्यांच्या घरी तासही निघत नाही, त्यांच्यासाठी जमातीनं, मोहल्ल्यानं विचार करायला हवा. आपले हॉल निकाहचे दिवस सोडले तर संध्याकाळी कुलूपबंद असतात. तिथं चार टेबलं, दोन ट्यूबलाइट आणि दारात फोन ठेवायला एक पेटी, खर्च किती येईल? ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आहे, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 पासून. बसून वाचायला, लिहायला जागा लागते, हे या शहरांना तेव्हा कळलं होतं.

आमचा तास रोज जमतोच असं नाही. रमजानची गोष्ट वेगळी, पण एरवी मेहुण्याची नाइट शिफ्ट असली की सगळं कोलमडतं. परवा मी गेलो तेव्हा भाचीनं पुन्हा स्टेशन काढायला घेतलं होतं, या वेळी मुंब्र्याचं. डोंगर आला होता, पूल आला होता, पुलावरच्या बाया आल्या होत्या. एका जागी ती अडली. पुलाच्या जिन्याला कठडा एका बाजूला आहे की दोन्ही? तिनं सवयीनं हात पुढं केला, फोनसाठी. मग आईकडं बघितलं. आईला आठवेना. वीस वर्षं त्या जिन्यावरून जाणाऱ्या बापाला आठवेना. मलाही नाही.

"उद्या क्लासला जाताना बघून येते," ती म्हणाली आणि तेवढी जागा कोरी सोडून खालची गर्दी काढायला लागली.