उलट्या आट्यांचे नट : जुनी जीप घरी दुरुस्त करताना

जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलटे असतात. जगातले बहुतेक नट ज्या दिशेने सैल होतात, त्या दिशेने हे घट्ट होतात. गाडी पुढे जाताना डावे चाक बाहेरून पाहिले तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. त्या फिरण्याने नट हळूहळू सुटतील, या भीतीने त्या काळच्या आराखडाकारांनी डावीकडे उलटे आटे दिले. पंक्चरच्या दुकानातल्या पोऱ्याला हे ठाऊक नसते. नट सुटत नाही म्हणून तो पान्यावर उभा राहतो आणि स्टड तुटतो. आपल्याकडच्या जुन्या जीपच्या डाव्या चाकावर पाचांपैकी एखादा स्टड नवा दिसला, तर त्यामागे बहुधा हीच कथा असते.

माझी गाडी १९९१ची महिंद्रा एमएम ५४०. नोकरीची वर्षे वाळूजच्या एका कारखान्यातल्या टूलरूममध्ये गेली. निवृत्तीनंतर सिडकोतल्या घराच्या पोर्चमध्ये या गाडीचे बहुतेक काम मीच करतो. शेजाऱ्यांना तो छंद वाटतो. मला त्यात एक अभ्यासाचा प्रश्न दिसतो. चौतीस वर्षांची गाडी घरच्या पोर्चमध्ये, हाताच्या पान्यांनी दुरुस्त होते ती का, आणि कुठपर्यंत? या प्रश्नाला आता मुदतही लागली आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यापुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २०२६ मध्ये माझ्या गाडीची पाचवी खेप आहे, आणि वीस वर्षांवरच्या चारचाकीचे नूतनीकरण शुल्क २०२५च्या ऑगस्टमध्ये दहा हजार रुपये झाले. गाडी ठेवायची की भंगारात द्यायची, हे ठरवायचे तर तिच्यात नेमके काय झिजते आणि ते कोण बदलू शकते, हे माहीत हवे.

उत्तराची सुरुवात १९४०च्या उन्हाळ्यात होते. अमेरिकी लष्कराने १३५ कारखान्यांना हलक्या, चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीसाठी विचारणा केली आणि पहिला नमुना ४९ दिवसांत मागितला. बँटम या लहानशा कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट यांनी आराखडा केला. मोठे उत्पादन मात्र विलिस आणि फोर्ड यांच्याकडे गेले. दोन कारखाने एकच गाडी बनवणार, तर एकाचा भाग दुसऱ्याच्या गाडीत न घासता बसला पाहिजे. शिवाय दुरुस्ती करणारा माणूस चिखलात बसलेला, हाती मोजके पाने असलेला शिपाई असणार. म्हणून सरळ चौकट, पुढे-मागे पाटे, अखंड ॲक्सल, बॉनेट उघडले की हात पोचेल अशी प्रत्येक जागा. घरच्या दुरुस्तीची शक्यता आराखड्याच्या कागदावरच ठरली होती. माझ्या हातांचे कौशल्य त्यानंतर येते.

मुंबईत २ ऑक्टोबर १९४५ रोजी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी निघाली. जगदीशचंद्र व कैलाशचंद्र महिंद्रा हे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद तिचे संस्थापक. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. विलिसची उंच बॉनेटवाली सीजे-३बी अमेरिकेत १९५३ साली आली. तिच्या बनावटीचा परवाना घेऊन महिंद्राने तिला इतकी वर्षे चालवले, की ‘जीप’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तहसीलदाराची, पोलिसांची आणि निवडणुकीतली जी गाडी येते ती हीच. १९८०च्या दशकातल्या एमएम ५४० मध्ये प्यूजोच्या आराखड्याचे २११२ सीसीचे डिझेल इंजिन बसवले. सांगाडा अमेरिकी वळणाचा, इंजिन फ्रेंच. परिणाम असा की सांगाड्याचे नट इंचांत आणि इंजिनाचे मिलिमीटरमध्ये. अर्ध्या इंचाच्या नटावर तेरा मिलिमीटरचा पाना चालल्यासारखा वाटतो, पण थोडा सैल बसतो आणि दोन-चार वेळांत कोपरे गोल करतो. ही गाडी घेणाऱ्याने पहिला खर्च पान्यांच्या दुसऱ्या संचावर करावा.

दुरुस्ती म्हणजे भाग बदलणे, अशी समजूत आहे. माझ्या अनुभवात चार आणे काम बदलण्याचे आणि बारा आणे शोधण्याचे. सकाळी गाडी चालू होत नाही, ही तक्रार घ्या. बॅटरी ठीक, स्टार्टर जोमाने फिरतो, तरी इंजिन पकडत नाही. अशा वेळी बरेच जण थेट डिझेल पंपावर बोट ठेवतात. पण बहुतेकदा दोष दोन वीत रबरी नळीचा असतो. टाकी इंजिनाच्या खालच्या पातळीवर असते, डिझेल ओढून वर न्यावे लागते. जुनी नळी कडक झाली, तिला डोळ्यांना न दिसणारी चीर गेली, की बाहेर डिझेल ठिबकत नाही. उलट आत हवा ओढली जाते, आणि रात्रभरात नळीतले डिझेल मागे टाकीत उतरते. तपासणी सोपी आहे : पंपाच्या तोंडाशी वीतभर पारदर्शक प्लास्टिकची नळी जोडायची आणि बुडबुडे दिसतात का पाहायचे. दिसले तर टाकीच्या दिशेने एकेक जोड बदलत जायचे. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा, बुडबुडे थांबून नुसते डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळायचा. दोन फूट नळी आणि चार क्लिपा एवढ्यात काम होते. पंप खोलला असता तर हिशेब वेगळा झाला असता.

पुढच्या चाकांचा थरथराट हा दुसरा धडा. ताशी चाळीस-पन्नासच्या वेगात एखादा खड्डा लागतो आणि स्टेअरिंग हातात वेड्यासारखे हलू लागते, गाडी जवळजवळ थांबवेपर्यंत थांबत नाही. यावर स्टेअरिंगला डँपर लावून देण्याची पद्धत आहे. मला ती मान्य नाही. तापावर गोळी देऊन थर्मामीटर फोडण्यासारखे ते आहे. थरथराटाचे कारण बहुधा अनेक छोट्या सैलपणांची बेरीज असते : टायरॉड एंड, चाकाचे बेअरिंग, पाट्याच्या शॅकलचे बुश, किंगपिन. शोधायची रीत अशी. चाके जमिनीवर, इंजिन बंद. एकाने स्टेअरिंग थोडे डावीउजवीकडे हलवत राहायचे, दुसऱ्याने खाली आडवे होऊन प्रत्येक जोडावर हात ठेवायचा. दोन भाग एकत्र हलण्याऐवजी एक आधी आणि दुसरा नंतर हलला, तर तो जोड गेला. डोळ्यांपेक्षा बोटांना हे लवकर कळते. आमच्याकडे स्टेअरिंगवर सौ. बसतात आणि हात दुखले की तसे स्पष्ट सांगतात.

किंगपिनचे काम ऐकायला भारी वाटते. प्रत्यक्षात पुढच्या ॲक्सलच्या टोकाला गोलाकार हाउसिंग असते, वर-खाली दोन छोटी बेअरिंगे, आणि त्यांच्या झाकणाखाली पातळ पत्र्याच्या चकत्या, म्हणजे शिम. बेअरिंग सैल झाले तर चकती काढायची, फार आवळले तर घालायची. चाक वळवायला किती जोर लागतो ते स्प्रिंगच्या काट्याने ओढून मोजतात. गोणीचे वजन करायला वापरतो तसलाच काटा. मापाची ही साधी कल्पना मला टूलरूममधल्या महागड्या उपकरणांइतकीच आदरणीय वाटते.

आमच्या भागाचे म्हणून एक दुखणे आहे, ते पाण्याचे. शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येते, हे वेगळे सांगायला नको. त्यामुळे रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी जाते. काळ्या पाषाणातले हे पाणी जड असते. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो, आणि गाडी शहरात नीट चालून कन्नडच्या औट्रम घाटात तापते. मग कोणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला देतो. त्याने काटा खाली येतो खरा, पण इंजिन थंडच चालते, डिझेल जास्त जाते, झीज वाढते. खरा उपाय रेडिएटर साफ करून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचे मिश्रण भरण्याचा. बॅटरीसाठी डिस्टिल्ड वॉटर आणणारा माणूस रेडिएटरला बोअर का पाजतो, हे मला न सुटलेले कोडे आहे.

चारही चाकांचा जोर हे या गाडीचे वैशिष्ट्य, आणि न वापरल्याने बिघडणारेही तेच. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये या गाडीत डिफरन्शियल नसते. कोरड्या डांबरावर वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, तो फरक जिरायला जागा नसते, आणि सगळी यंत्रणा पिळवटून लीव्हर अडकतो. अशा वेळी लीव्हरशी झटापट न करता गाडी थोडी मागे घ्यावी, पीळ सुटतो. पण म्हणून लीव्हर वर्षानुवर्षे न हलवणेही चूकच. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर किलोमीटरभर तो जोर लावला, की पुढच्या ॲक्सलमधले ऑइल सगळीकडे पोचते. पावसाळ्यानंतर डिफरन्शियलचा बूच उघडून ऑइल पाहावे. दुधी दिसले तर आत पाणी आहे. तापलेला ॲक्सल ओढ्याच्या पाण्यात उतरला की आतली हवा आकसते. श्वास घेण्याची छोटी वाहिनी चिखलाने बुजलेली असेल तर सीलमधून पाणी आत ओढले जाते. बिचाऱ्या सीलला दोष देऊन लोक सील बदलतात, वाहिनी बुजलेलीच राहते.

ब्रेकच्या बाबतीत मी घरगुतीपणा आवरता घेतो. निदान मात्र स्वतःच करतो. पेडल स्पंजासारखे लागले तर नळीत हवा. दोनदा मारल्यावर वर आले तर लायनर आणि ड्रममधले अंतर वाढले आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली गेले आणि बाहेर कुठे गळती नसली, तर मास्टर सिलिंडरचे रबर गेले. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा शोषलेल्याचा मानकानुसार १४० पर्यंत खाली चालतो. घाट उतरताना तापलेल्या सिलिंडरात त्याची वाफ झाली की पेडल पोकळ होते. म्हणून दोन वर्षांनी ते बदलतो, बाटली उघडी ठेवत नाही, आणि इंजिन ऑइलचा थेंबही त्यात जाऊ देत नाही, कारण त्याने रबर फुगते. ड्रममधली धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकते. गाडीखाली जाण्याआधी नुसत्या जॅकवर कधीही भरवसा ठेवायचा नाही. खाली स्टँड हवेत, आणि विटा म्हणजे स्टँड नव्हेत.

हे सगळे एकट्या पोर्चचे बळ नाही. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला, त्याच्याभोवती सुटे भाग बनवणारे उद्योग वाढले, चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूलरूम आहे. या पसाऱ्यामुळे शतांश मिलिमीटरची भाषा कळणारे लेथवाले शहरात आहेत. क्लच पेडलच्या शाफ्टचे बाजारातले बुश सैल होते, ते मी गनमेटलच्या तुकड्यातून करून घेतले. शाफ्ट मोजून नेला, अर्ध्या तासात काम झाले. डिझेल पंप आणि नोझलना मी हात लावत नाही. ते कॅलिब्रेशनच्या यंत्रावरच गेले पाहिजेत.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत वाहनेही आहेत. हक्क मिळाला तरी बंदिस्त संगणकी पेटीला पाना कुठे लावायचा, हा प्रश्न उरतो. माझ्या गाडीत तो नाही. नूतनीकरणाचे शुल्क मी भरणार आहे, कारण सांगाडा गंजलेला नाही आणि जे झिजले ते सगळे बदलता येण्यासारखे आहे. कोकणात राहत असतो तर सांगाडा ठोकून पाहिल्याशिवाय असे म्हणालो नसतो.

सध्या उजव्या हाउसिंगच्या तळाशी ग्रीस दिसू लागले आहे, म्हणजे सील बदलायचे आणि त्याबरोबर किंगपिनच्या चकत्या पाहायच्या. दिवाळीला मुलगा पुण्याहून आला की स्टेअरिंगवर बसायला माणूस मिळेल. ते काम तेव्हा काढणार आहे.