खड्डा घेण्याआधी विचारा, खाली काय आहे?

मृगाचा पाऊस दोनदा नीट पडला की आपल्या गटांत झाडं लावायची धांदल सुरू होते. रोपवाटिकेतून पिशव्या येतात, ग्रामपंचायत खड्डे घेऊन देते. वटपौर्णिमेला वडाचं एक तरी रोप लावायचं, असंही हल्ली पुष्कळ गावांत ठरतं. फांद्या तोडून आणून घरात पुजण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. पण खड्डा घेताना एक गोष्ट कुणी विचारत नाही, की या जागेखालून काय गेलंय?

आपल्या सासवांना हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. पाणी आडावर, सांडपाणी परसात. आता २०१९ पासून जल जीवन मिशनचे नळ घरोघरी आले, शौचालयाचे खड्डे झाले, कुठे भुयारी गटार झालं. गल्लीच्या पोटात पाइपांचं जाळं आहे आणि वरून ते दिसत नाही. आपण मात्र झाड लावायला नेमकी तीच पट्टी निवडतो, कारण पाइपासाठी खोदून बुजवलेली माती भुसभुशीत असते आणि कुदळ पटकन चालते. झाडाच्या मुळालाही ती माती तेवढ्याचसाठी आवडते.

पुष्कळ जणींना वाटतं, मूळ पाण्याचा वास काढत येतं आणि पाइप फोडून आत शिरतं. तसं नसतं. मूळ सगळीकडे थोडं थोडं चाचपडत वाढतं आणि जिथे ओल लागेल तिथे जोमानं फुटतं. धड असलेला, घट्ट जोडाचा पाइप ते सहसा फोडत नाही. ते शिरतं सैल जोडातून, तडकलेल्या जागेतून, जिथून थेंब थेंब पाणी आधीच गळत असतं. पहिल्यांदा आत जातं ते केसाएवढं मूळ. आत पाणी मिळालं, आणि गटाराचा पाइप असेल तर खतही मिळालं, की त्याला हजार फाटे फुटतात. असा पाइप उघडला तर आत गंगावन सोडल्यासारखा मुळांचा झुबका निघतो. त्यात चिंध्या, केस, तेलकट राळ अडकते आणि चेंबर तुंबतं. बाहेर मूळ जाड होत जातं आणि जोड आणखी फाकवतं. म्हणून मी म्हणेन, निम्मा दोष झाडाचा नाही, जोड करणाऱ्याच्या घाईचा आहे.

आपल्या मराठवाड्यात आणखी एक भानगड आहे, काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते. ही माती दर वर्षी पाइपाला खालीवर हलवते. मोठं झाड शेजारी असेल तर ते उन्हाळ्यात तिथली ओल ओढून घेतं आणि माती आणखी आकसते. जोड सैल व्हायला एवढं पुरतं.

छत्रपती संभाजीनगरला गेलात तर पाणचक्की बघून या. खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशेजारी ती आहे. डोंगराकडचं पाणी कित्येक किलोमीटर जमिनीखालून मातीच्या नळांतून आणलंय, आणि त्याच्या जोरावर तिथे दळण दळलं जायचं. ही विद्या त्या शहरात त्याहून जुनी. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी वसवलं, तेच पुढे औरंगाबाद झालं. त्यानं उत्तरेकडच्या डोंगरांतलं पाणी भुयारी नहरीतून गावात आणलं. ना मोटार, ना वीज, नुसत्या उतारावर पाणी चालायचं. या नहरींना जागोजाग वर तोंडं ठेवलेली होती, माणूस आत उतरून गाळ काढू शकेल अशी. मला त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं हेच वाटतं. जे पुरलंय ते कधीतरी उघडावं लागणार, हे बांधणाऱ्यानं आधीच धरलं होतं. पुढे देखभाल सुटली, वर घरं झाली, दगडांच्या सांध्यांत वड-पिंपळ उगवले. पाखराच्या विष्ठेतून पडलेलं एक बी सांध्यात रुजतं, आणि वीस वर्षांत चिरा जागचा हलतो. रोपटं बोटाएवढं असताना उपटायला मिनिटही लागत नाही.

आता गटार तुंबलं तर वास येतो, घाण दिसते, सगळ्यांना कळतं. पिण्याच्या पाइपाचं तसं नाही, आणि खरी भीती तिथे आहे. आपल्याकडे नळ चोवीस तास नसतो. दोन दिवसांनी, आठ दिवसांनी तास-दीड तास येतो. पाणी सुरू असतं तोवर फुटक्या जोडातून ते बाहेर येतं. बंद झालं की पाइप रिकामा होत जातो, आणि रिकामा होताना तोच जोड आजूबाजूचं पाणी आत ओढतो. शेजारी गटार किंवा शौचालयाचा खड्डा असेल तर काय ओढलं जातं, हे सांगायला नको. पुढच्या पाळीला तेच पाणी आपल्या हंड्यात. पावसाळ्यात जुलाब, कावीळ, विषमज्वराच्या साथी येतात त्यामागे बरेचदा असाच एखादा जोड असतो.

म्हणून काही खुणांकडे लक्ष ठेवा. वैशाखात सगळं वाळलेलं असताना एकाच पट्टीत हिरवं गवत दिसतं. एकच झाड टवटवीत, बाकीची माना टाकून. नळाचं पहिलं पाणी गढूळ येतं, कधी त्यात बारीक मुळांचे तुकडे येतात. शौचालयात पाणी टाकलं की गुडगुड आवाज येतो. अशी शंका आली की जलसुरक्षकाला सांगून शेवटच्या घराच्या नळावर क्लोरीनची ओटी टेस्ट करायला लावा. टाकीजवळ क्लोरीन असेल आणि शेवटच्या नळाला नसेल, तर मधे काहीतरी बिघडलेलं असू शकतं. पाणी तपासणीची पेटी, जिला एफटीके म्हणतात, ती वापरायला गावातल्या पाच बायकांना शिकवलं जातं. तुमच्या गावात त्या पाच कोण, हे आधी शोधा. पेटी ग्रामपंचायतीच्या कपाटात कुलपात असेल तर तिचा काय उपयोग!

मग झाड लावायचं तरी कुठे? वड, पिंपळ, उंबर यांना पाइपापासून, टाकीपासून, विहिरीच्या बांधकामापासून तीस-चाळीस फूट लांब ठेवा. त्यांची जागा गायरानात, ओढ्याकाठी, देवळामागच्या मोकळ्या जागेत. कडुनिंब, गुलमोहर, चिंच, निलगिरी, सुबाभूळ निदान वीस फूट. पेरू, सीताफळ, डाळिंब, लिंबू यांना दहा-बारा फूट पुरे. पाइपाच्या जवळ काही हवंच असेल तर जास्वंद, कढीपत्ता, मोगरा, तुळस लावा, तेही चार-पाच फूट सोडून. हे आकडे काही दगडावरची रेघ नव्हेत. पाइप जुना सिमेंटचा असेल तर अंतर वाढवा. आणि पाइप तीन फूट खोल आहे असं कुणी सांगितलं तरी विचारा, कारण मधे खडक लागला की तो बरेचदा फूटभरावरच टाकलेला असतो.

सांडपाण्यासाठी केळी, कर्दळ, अळू चांगले; पाणी पितात आणि मुळं फार खोल नेत नाहीत. फक्त पिण्याचा पाइप त्याच वाफ्यातून गेलेला नको. नांदेड जिल्ह्यातल्या गावांनी मॅजिक पिट म्हणून जो शोषखड्डा गाजवला, त्याच्या दगडांतही मोठ्या झाडाची मुळं शिरतात. तिथेही मोठं झाड नको.

आधीपासून उभं असलेलं झाड मात्र लगेच तोडायला निघू नका. शहरात तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे झाड तोडायला परवानगी लागते. पाइपाचा तेवढा तुकडा बदलणं सहसा स्वस्त पडतं. एचडीपीईचा लहान पाइप गुंडाळीत मिळतो, झाडाशेजारून एकसंध नेला की मधे जोडच राहत नाही. मुळं कापायची वेळ आली तर एकाच बाजूची, थोडी कापा. चारी बाजूंनी कापलेलं झाड पहिल्या वादळात घरावर येतं. आणि कुणी गटारात मोरचूद ओता म्हणालं तर ऐकू नका. आपल्याकडे गटाराचं पाणी शेवटी शोषखड्ड्यात, तिथून जमिनीत आणि मग कुणाच्या तरी बोअरमध्ये जातं.

यंदा गटाच्या बैठकीत एक काम करा. पाणी सोडणाऱ्या माणसाला बोलवा आणि त्याच्याबरोबर गावातून एक फेरी मारा. पाइप कुठून वळलाय, व्हॉल्व्ह कुठे पुरलाय, हे बहुतेक गावांत त्या एकाच माणसाच्या डोक्यात असतं. चुन्यानं रेघ मारा, कागदावर नकाशा काढा, एक प्रत ग्रामपंचायतीत द्या आणि एक गटाच्या पेटीत ठेवा. खड्डे त्यानंतर घ्या.